पोली नेनीची उशी

"हात थांबव. तुझ्याशी बोलतेय मी."

दारातून आवाज आला आणि हस्तकला संस्थेच्या खोलीतल्या बारा जणींच्या सुया जागच्या जागी थांबल्या. तेर्काचा हात तेवढा थांबला नाही. भोकं टोचलेला कागद कापडावर अंथरायचा, निळीची पुरचुंडी त्यावर थोपटायची, कागद उचलायचा. खाली गुलाबाचे ठिपके तयार. ते जोडले की झालं. असे दिवसाला चाळीस रुमाल. वीस वर्षं ती हेच करत होती, आणि दारात कोण उभं आहे हे कळल्यावर तर तिला एकेचाळिसावा रुमालही आजच उरकावासा वाटला.

"ऐकू येत नाही का गं? की हाताबरोबर कानही संस्थेला देऊन टाकलेस?"

"येतं ऐकू," तेर्का मान वर न करता म्हणाली. "चोवीस वर्षांत हाक आली नव्हती, म्हणून म्हटलं दुसऱ्या कुणाला असेल."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पोली नेनीनं तिकडे नुसतं बघितलं आणि हसणारीनं मान खाली घातली. एकोणऐंशी वर्षांची म्हातारी, म्हणून साऱ्या गावाची 'नेनी', म्हणजे मावशी; अंगावर मांस म्हणून नाही, डोक्यावरचा काळा रुमाल हनुवटीखाली गच्च बांधलेला. तोंडाची धार मात्र तसूभर कमी झालेली नव्हती. आमच्या अल्शोकुत गावची ती सगळ्यात जुनी रेघवाली. आमच्या हंगेरीच्या या भागात भरतकाम दोघींचं असतं. रेघवाली निळीत बुडवलेल्या पिसानं कापडावर फुलं काढते आणि सुईवाली ती रंगीत दोऱ्यानं भरते. भरून झालं की कापड धुतात, नीळ वाहून जाते, दोरा राहतो. पोली नेनीनं साठ वर्षांत गावातल्या प्रत्येक नवरीची चादर काढून दिली होती, आणि त्यातल्या बहुतेकींच्या आयांशी ती कडाकडा भांडलीही होती.

काठी टेकत ती तेर्काच्या टेबलापाशी आली आणि काखेतलं तागाचं कापड तिनं टोचलेल्या कागदावर आपटलं.

"उशी काढून दे."

आता मात्र तेर्काचा हात थांबला. कुठली उशी हे विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या डोक्याखाली भरतकामाची उशी देतात, आणि ती ज्याची त्यानं काढायची नसते, घरच्यांनीही नाही. तो मोठा अपशकुन समजतात. पोली नेनीनं गावाच्या दोनशे उश्या काढल्या असतील. तिची कोण काढणार? तिच्या वयाच्या बाकीच्या रेघवाल्या तिच्याच रेघांवर डोकं ठेवून केव्हाच गेल्या होत्या. शिकवायला घेतलेल्या पाच-सहा मुलींना तिनं एकेक करून घालवून दिलं होतं. त्यातली गावात उरली होती एकटी तेर्का.

"मला वेळ नाही," तेर्का म्हणाली.

"मला तरी कुठे आहे? डॉक्टर म्हणाला, ईस्टर काही बघत नाही तुम्ही. तो मेला गाढव आहे, पण आतडी माझी आहेत, मला कळतंय."

जानेवारी संपत आला होता. झोफीनं तोंड उघडलं. झोफी ही गावातली सगळ्यात सफाईदार सुईवाली, तेर्काची बालमैत्रीण आणि दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये नाक खुपसायची भारी हौस असलेली बाई.

"नेनी, काढेल ती. मी भरून देते. तुम्ही बसा तरी."

"बसायला आले नाही. आणि तू मध्ये बोलू नकोस, तुला विचारायला मी नंतर येणारच होते." मग तेर्काकडे वळून, "उपकार म्हणून नको करूस. दुसरी कुणी असती ना, तर तुझ्या दारात मी थुंकायलाही आले नसते."

आणि ती गेली. कापड तसंच टेबलावर राहिलं.

हे असं होतं. तेर्का अकराव्या वर्षी पोली नेनीकडे शिकायला गेली आणि सतराव्या वर्षी म्हातारीनं तिला हाकललं. शिकवणं म्हणजे काय, तर शिव्या. "पान आहे की चपलेचा तळ?" "हे फूल बघून मधमाशी जीव देईल." कागदावर कच्चं काढायचं नाही, एकदा टेकवलेलं पीस उचलायचं नाही, चुकलं तर चूक पुढच्या फांदीत जिरवायची. सहा वर्षांत तेर्कानं तिच्या तोंडून 'बरं आहे' हे दोन शब्द ऐकले नाहीत. आणि शेवटच्या दिवशी, पाटलांसारख्या थाटात राहणाऱ्या एका घरचं वऱ्हाड चादर न्यायला आलं असताना, तेर्कानं रात्रंदिवस खपून काढलेली ती चादर पोली नेनीनं सगळ्यांसमोर उचलून पाण्याच्या परातीत बुडवली होती. नवरीची आई तोंडाला रुमाल लावून हसली होती. ते हसू तेर्काच्या कानातून अजून गेलेलं नव्हतं. संस्था निघाली तेव्हा ती पहिल्याच दिवशी नाव घालायला गेली आणि पोली नेनीचा गुलाब आठवून आठवून तिनं कागदावर टोचून दिला. संस्थेच्या यादीत त्याचा नंबर चौदा. बुडापेस्टच्या दुकानांतून तो हजारांनी खपतो. गावात कुणी याबद्दल बोलत नाही, पण माहीत सगळ्यांना आहे.

"काढून टाक आणि मोकळी हो," तिचा नवरा बालिंत म्हणाला. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याच्या लेखी बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीचं असंच होतं.

रविवारी चर्चमधून आल्यावर तेर्कानं स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, कापड ताणून बसवलं, वाटीत नीळ कालवली, बदकाचं पीस तासलं. पीस कापडाला टेकवलं. कुठे जायचं ते हाताला माहीतच नव्हतं. वीस वर्षं ठिपक्याकडून ठिपक्याकडे गेलेला हात, ठिपका नाही म्हटल्यावर जागीच उभा. तिनं एक पाकळी काढली, ती बटाट्यासारखी झाली. कापड धुतलं, वाळवलं, पुन्हा बसली. दुसऱ्यांदाही तेच. बालिंतनं डोकावून बघितलं आणि शहाण्यासारखा बाहेर गेला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना, तिनं चौदा नंबरचा कागद काढला. कापडावर ठेवला. पुरचुंडी थोपटली. मग ठिपक्यांवरून इतकी झोकदार रेघ ओढली की ठिपके कुणाच्या बापाला दिसले नसते.

पोली नेनीच्या घरी चूल भडभडून पेटलेली होती, तरी ती शाल गुंडाळून बसली होती. तिनं कापड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, खिडकीच्या उजेडात धरलं. मग डोळे मिटले आणि बोटाचं टोक रेघेवरून हळूहळू फिरवलं.

"थांबतेय," ती म्हणाली.

"काय थांबतंय?"

"रेघ. दर अर्ध्या बोटावर श्वास घेतेय. कागद घातलास ना खाली?"

तेर्काचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "नाही."

"खोटारडी! वर माझाच गुलाब! चोरलास तो चोरलास, भोकं पाडून विकलास, आणि आता त्याच्यावर माझंच डोकं ठेवतेस? निर्लज्ज कुठली!" ती उठली, कोपऱ्यातल्या बादलीपर्यंत गेली आणि कापड पाण्यात दाबलं. पाणी निळं झालं. "इथे बसून काढ. माझ्यासमोर."

"मी तुमची मोलकरीण नाही."

"मोलकरीण असतीस तर एवढ्यात झालं असतं काम."

तेर्का निघून का गेली नाही हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. जायला म्हणून ती दारापर्यंत गेली होती, कोटाचं एक बटणही लावलं होतं. पण मग तिच्या मनात आलं की आत्ता गेले तर ही बाई मरेल आणि शेवटचं बोललेलं 'खोटारडी' एवढंच राहील. तिला त्या तोंडून एकदा 'बरं आहे' ऐकायचं होतं. एकेचाळीस वर्षांच्या, दोन मुलींची लग्नं जुळवत असलेल्या बाईला हे कबूल करायची लाज वाटत होती, पण होतं ते असं होतं. तिनं बटण काढलं.

कापड चुलीवरच्या दोरीवर वाळलं. तेर्का टेबलाशी बसली आणि तिनं ट्यूलिप काढायला घेतला, मध्ये एक मोठा, दोन्ही बाजूंना कळ्या, लहानपणी शेकडो वेळा पाहिलेला. या वेळी रेघ न थांबता गेली. पोली नेनी मागे उभी राहून बडबडत होती.

"हळू. पळतेस कुठे, बस चुकतेय? कोपर उचल. उचल म्हटलं ना! देवा, हिचं कोपर टेबलाला खिळलंय."

झालं तेव्हा तेर्काच्या पाठीचा कणा दुखत होता. ट्यूलिप मात्र ट्यूलिपसारखा होता. ती मनातल्या मनात खूश झाली.

"हे माझं आहे," पोली नेनी म्हणाली.

"मग कुणाचं असणार? तुम्हीच शिकवलंत."

"माझ्याच फुलावर झोपायचं असतं तर अपशकुन घातला असता चुलीत आणि मीच काढलं असतं. आण इकडे."

आणि पुन्हा बादली.

तेर्का ताडकन उठली. स्टूल मागे पडलं.

"पुरे! तेव्हाही हेच केलंत. सतरा वर्षांची होते मी! चांगली होती ती चादर. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर माझं नाक कापलंत, कशासाठी? मी तुमच्यापेक्षा चांगली निघेन म्हणून जळत होतात तुम्ही. अख्ख्या गावाला माहीत आहे. सगळ्या मुली घालवल्यात, एकीला म्हणून उभं राहू दिलं नाहीत. आता एकट्या मरताय ते बरंच झालं!"

बोलून गेल्यावर ती घाबरली. पोली नेनी बादलीच्या काठाला धरून वाकलेली होती, धाप लागलेली. पण तिचा आवाज निघाला तो ठणठणीत.

"झालं? आता मी सांगते. ती चादर चांगली होती, हो, पण त्यात तू नव्हतीस. अथपासून इतिपर्यंत मीच. तुला वाटलं मी जळले. अगं, साठ वर्षं काढतेय मी. माझी एक रेघ कुणी पाहिलीय? सगळ्या दोऱ्याखाली गेल्या, मग धुण्यात गेल्या. लोक म्हणतात, काय सुंदर भरलंय झोफीनं! झोफीच्या आईनं! माझं काय उरलं? हात. तोच दुसऱ्या कुणाच्या मनगटात जावा म्हणून मी तुम्हा कार्ट्यांच्या मागे ओरडत फिरले, आणि तुम्ही काय केलंत? एक गेली कारखान्यात, एक दुकानात, आणि तू कागदाला भोकं पाडत बसलीस."

"ओरडून शिकवतात का कुणाला?"

"मला कुणी गाणी म्हणून शिकवलं नव्हतं."

चुलीत लाकूड फुटलं. पोली नेनीनं कापड पिळायचा प्रयत्न केला, तिला जमेना, तेव्हा तेर्कानं ते तिच्या हातातून हिसकून घेतलं, करकचून पिळलं आणि दोरीवर फेकलं. ते वाळेपर्यंत दोघींपैकी कुणी बसायलाही सांगितलं नाही आणि बसलंही नाही.

तिसऱ्यांदा तेर्का टेबलाशी आली ती रागानं फणफणत. मध्यापासून सुरुवात करायची हा पहिला नियम. तिनं मुद्दाम कोपऱ्यातून सुरू केलं. गुलाब नाही, ट्यूलिप नाही. शिकवण्याच्या बदल्यात सहा उन्हाळे तिनं या बाईच्या द्राक्षमळ्यात खुरपणी केली होती, आणि तिथे ती एक रानवेल होती, लहान पांढऱ्या पेल्यांसारख्या फुलांची, जी काही केल्या मरत नसे. उपटली की मुळाचा तुकडा जमिनीत राहायचा आणि चार दिवसांत ती पुन्हा द्राक्षाच्या खोडाला विळखा घालून हजर. तिच्यापायी तेर्काची नखं तुटली होती, कंबर मोडली होती. कुठल्याही रेघवालीनं ती कधी कापडावर काढली नव्हती. तण का कुणी कापडावर काढतं? तेर्कानं काढली. कोपऱ्यातून निघून ती सगळ्या कापडावर पसरली, स्वतःलाच वेटोळे घालत, मध्येच एखादा पेला उघडत, डोक्याची जागा असते तिथूनही बेलाशक गेली. घे, ठेव याच्यावर डोकं, तेर्का मनात म्हणत होती. झोप तणात.

सुरुवातीला मागून आवाज येत होता. "कोपऱ्यातून? अकलेचं दिवाळं." "हे काय मेलं गांडूळ?" मग आवाज बंद झाला. तेर्काच्या ते लक्षातही आलं नाही. पीस कापडावरून न थांबता चाललं होतं आणि निळीची वाटी तळाला गेली होती. शेवटचं टोक कापडाच्या काठाबाहेर सोडून देऊन तिनं मान वर केली, तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं.

पोली नेनी कापडावर वाकली. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत आणि बोटही फिरवलं नाही. किती तरी वेळ बघत राहिली.

"द्राक्षमळ्यातली," ती म्हणाली.

"हो."

"मरत नाही मेली."

"नाही."

तेर्का वाट बघत होती. हात आपोआप मांडीवर घट्ट मिटले होते, अकरा वर्षांच्या मुलीसारखे. म्हातारीनं कापडाची घडी घातली, काखेत मारली आणि खुर्चीत बसली.

"जा आता. बादली जाताना बाहेर ओत. आणि दार नीट लाव, थंडी येते."

एवढंच. तेर्कानं बादली अशी ओतली की निम्मं पाणी तिच्याच बुटांत गेलं. रस्ताभर ती रडत आणि शिव्या देत घरी गेली.

पुढे दोघींची भेट झाली नाही. पोली नेनीनं अंथरूण धरलं. उशी झोफीकडे गेल्याचं तेर्काच्या कानावर आलं. संस्थेत रोज समोर बसणारी झोफी, एरवी कोंबडीनं अंडं घातलं तरी तासभर सांगणारी, या बाबतीत मात्र मूग गिळून बसली.

"भरतेस ना गं? झेपतंय का?" तेर्कानं एकदा विचारलंच.

"चाललंय," झोफी म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. सुईत दोरा आधीच होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पोली नेनी गेली. डॉक्टरचं खरं ठरलं, हे तिला मुळीच आवडलं नसतं.

तिला तिच्याच खोलीत ठेवलं होतं. दुपारी सगळ्या बायका आल्या, ज्यांच्या चादरी तिनं काढल्या त्या, आणि ज्यांच्याशी ती भांडली त्याही, म्हणजे त्याच. आमच्याकडे अशा वेळी आधी प्रार्थना म्हणतात आणि मग उशी बघतात, पण बघतात ती इतकी बारकाईनं की प्रार्थना लवकर आटोपते. तेर्का दारात पोचली तेव्हा आत कुजबुज चालली होती.

"अगं, भरलीच नाही!"

"नुसती नीळ आहे. उघडी रेघ मेलेल्या बाईच्या डोक्याखाली, शोभतं का?"

"झोफीला एवढंसं काम झालं नाही. दीड महिना होता हातात."

तेर्का बायकांना कोपरानं सारत पुढे गेली. काळ्या रुमालातलं ते चिमणीएवढं तोंड, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या तागावर तिची रानवेल, निळी, उघडीवाघडी, जशी पिसातून उतरली होती तशीच. तेर्काच्या डोक्यात सणक गेली. तिनं झोफीला दंडाला धरून खिडकीपाशी ओढलं.

"का नाही भरलीस? तिची नाही तरी माझी लाज ठेवायची होतीस! रेघ उघडी टाकतात का कधी?"

"ओरडू नकोस, प्रेत आहे," झोफी म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "मी तीनदा गेले तिच्याकडे दोरे घेऊन. हिरवा, जांभळा, सगळे. म्हणाली, सुई लावशील तर हात तोडीन. म्हटलं नेनी, लोक मला नावं ठेवतील. म्हणाली, ठेवू देत, तुला सवय आहे. आणि तेर्काला बोललीस तर बघ म्हणाली. शपथ घातलीन मला."

"काहीच भरायचं नाही?"

"एकच भरायला सांगितलं. कानापाशी आहे बघ, डाव्या. म्हणाली, तेवढं एक पान झाकून टाक, तिथे तिचा हात हललाय."

तेर्का परत पुढे आली आणि वाकली. डाव्या कानाजवळ, सगळ्या निळ्या वेलीत, एकच पान गर्द हिरव्या दोऱ्यानं भरलेलं होतं, झोफीच्या सगळ्यात बारीक टाक्यांनी. तिनं ते नीट बघितलं.

"हललाच होता," ती म्हणाली.

मागच्या बायका पुढे यायला धडपडत होत्या, टाचा उंचावत होत्या. तेर्कानं म्हातारीच्या गालावरून हात फिरवला, तिचा काळा रुमाल सारखा केला आणि त्यांना उशी दिसावी म्हणून ती बाजूला झाली.